बुटातली ओल

बूट आजही आतून ओले लागले. ठकूबाईनं पाय बाहेर काढला, आतली गादी बोटांनी चाचपली आणि चुलीकडं बघितलं. सून तेजस्विनी भाकरी थापत होती.

"माझे बूट कोण घालतंय गं?"

"मला काय माहीत, आई?"

दोन महिन्यांपूर्वी मुलगा गोरख तिला निमगाव सावाहून मंचरला गुडघ्यांच्या शिबिराला घेऊन गेला होता. गुडघे झिजलेत, डॉक्टर म्हणाले. त्यांनी कापडी बूट घ्यायला लावले, आत घालायला एका कडेनं जाड असलेल्या गाद्या दिल्या आणि रोज चालायला सांगितलं. म्हातारी बूट घालून फिरते म्हणून आळीतल्या बायका हसल्या. पण दुखणं कमी झालं तशी ठकूबाई बुटांना जपायला लागली. झोपताना खाटेखाली ठेवायची.

आता ते दुसरंच कुणी वापरत होतं. नवऱ्याचा पाय त्यात मावला नसता. थोरली नणंद प्रयागबाई ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आलेली. पासष्टी उलटली तरी भल्या सकाळी जनावरांसाठी घास कापून भारा डोक्यावर आणायची. दिवसभरात टेकलेली म्हणून दिसायची नाही. तिला कशाला लागतायत बूट? राहिली तेजस्विनी. तिनंच एकदा 'छान आहेत' म्हणत ते उचलून पाहिले होते.

ठकूबाईनं सुनेशी बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी सगळे जेवत असताना ती गोरखला म्हणाली, "बायकोला बूट आणून दे. म्हंजी सासूचं चोरावं लागायचं न्हाई."

तेजस्विनी भरल्या ताटावरून उठली. गोरख आईकडं बघत राहिला. प्रयागबाई मान खाली घालून जेवत होती.

दुसऱ्या दिवशी ठकूबाईला उजाडता उजाडता जाग आली. खाटेखाली बूट नव्हते. ती तडक गोठ्यात गेली. तेजस्विनी धार काढत होती. तिच्या पायांत तिच्याच चपला होत्या.

ठकूबाई तशीच अनवाणी बाहेर पडली. वाटेवरच्या ओल्या मातीत बुटांचे ठसे होते. ते घासाच्या वावराकडं गेले होते.

बांधाशी प्रयागबाई उठायला बघत होती. तिनं दोन्ही हात जमिनीला टेकले, अर्धी उठली आणि कण्हत परत बसली. तिसऱ्या खेपेला कशीबशी उभी राहिली. तेवढ्यात समोर भावजय दिसली. प्रयागबाई पुन्हा खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"वन्सं, गुडघे दुखत्यात तुमचे?"

"लई वर्सं झाली."

"मग कदी बोलला न्हाई ते? गोरखनं तुमालाबी नेलं असतं. आन् काल सुनेवर आळ आला, तवाबी गप बसला."

प्रयागबाईनं बूट तिच्यापुढं ठेवले.

"माझ्यानं काम हुईना, हे कळलं असतं, तर ठिवलं असतं का मला घरात?"

ठकूबाईला 'ठिवलं असतं' असं म्हणायचं होतं. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.