चौथा खेळाडू

टोरांटोत गुडघाभर बर्फ पडला होता. दिवाणखान्यातल्या गालिच्यावर स्टीलचा पेला आडवा ठेवून सुनीती गोल्फचा चेंडू हलकेच त्याच्याकडे ढकलत होती. हातातली काठी तिच्या नवऱ्याची, जयवंतची होती. त्याला जाऊन दोन महिने झाले होते.

"आई, तुला तर गोल्फचा कंटाळा ना?" लेकीने फोनवर विचारलं.

"बाबा ज्या चौघांत खेळायचे, त्यांत आता एक जण कमी पडतोय गं. उन्हाळ्यापर्यंत मला जमायला हवं."

डिसेंबरात दहांतला एखादा चेंडू पेल्यात जाई. मार्च सरेपर्यंत सात जाऊ लागले. बर्फ वितळल्यावर तिने धीर करून जयवंतच्या मित्राला फोन लावला.

"वहिनी, आधी बोलला असतात तर!" देवधर ओशाळले. "गेल्याच आठवड्यात आम्ही एकाला घेतलं."

"बरं झालं. तुमचा खेळ थांबायला नको."

लेकीला हे सांगताना मात्र तिला रडू आवरेना.

"अगं, दुसऱ्या कुणाबरोबर खेळ ना!"

"खेळायचं कुणाला होतं? दर रविवारी चार तास बाबा त्यांच्यात असायचे. तिथे काय बोलायचे, कशाला हसायचे, मी कधी विचारलंच नाही. तेवढंच ऐकायचं होतं."