मंदारापर्यंत

“पहिल्या दिवशी फक्त मंदारापर्यंत,” ओफोरोने कप टेबलाच्या कडेला सरकवला. “हा कप म्हणजे उद्यानाचा दरवाजा. ही बशी म्हणजे मंदाराच्या लाकडी खोल्या. तिथे रात्र काढायची. दुसऱ्या दिवशी होरोम्बोची, वरच्या मुक्कामाची वाट. सावकाश जाऊ, माई. ती जागा वाटेतच आहे.”

ती जागा. नाव घ्यायची हिंमत नव्हती मेल्याला. तीन वर्षांपूर्वी नाएलीचा एकुलता मुलगा गॉडलिसन डोंगर चढायला आलेल्या पाहुण्यांचं ओझं डोक्यावर घेऊन तिथेच कोसळला होता, आणि त्या तुकडीचा वाटाड्या हाच ओफोरो होता. थंडी बाधली, कुणाच्या हातात काही नव्हतं, असं त्याने गावभर सांगितलं. त्यानंतर नाएलीच्या केळीच्या बागेकडे तो फिरकला नाही. आणि आज अचानक उद्यानाचा परवाना, लोकरीचे कपडे, चढायला काठी, सगळी तयारी करून स्वारी हजर!

“मला फुकट कशाला नेतोस रे?”

“तुम्ही कधी वर गेलाच नाहीत, माई.”

“पासष्ट वर्षं खालून बघतेय किबो शिखराचा बर्फ. काही अडलं नाही माझं.”

घरात एम्बेगे, केळीची दारू, गाडगंभर होती. पण ती मानाच्या पाहुण्यासाठी. ओफोरोला तिने चहा दिला होता, तोही बिनदुधाचा.

“आणि लेकीला सांगू नका, असं का म्हणालास? तक्रार नाही म्हणून कागदावर अंगठा हवाय का माझा? तुझ्या कंपनीच्या साहेबांनी पाठवलंय?”

“नाही हो माई, देवाशपथ नाही.” तो कपाकडे बघत म्हणाला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. उद्यानाच्या दरवाज्यावरून होता. घरात आवाज नीट येईना, म्हणून तो कॉफीच्या झाडांपलीकडे रस्त्यापर्यंत गेला. त्याची पिशवी मात्र खुर्चीवरच राहिली.

नाएलीने मागचापुढचा विचार केला नाही. सरळ हात घातला. कानटोपी निघाली, मोज्यांचे दोन जोड निघाले, पावाचा तुकडा निघाला. तळाशी ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. तिने ते सोडलं.

इसालेचं पान. लांब, हिरवं, मधोमध गाठ मारलेलं.

ती खुर्चीत बसली. चागा लोकांत कुणापुढेही हे गाठीचं पान धरलं की गुन्हा केवढाही असो, नाही म्हणता येत नाही. माफ करावंच लागतं. म्हणजे हा तिला त्यासाठी वर नेत होता. आणि ज्याने काही केलेलं नसतं, तो पानाला गाठ मारत बसत नाही. इतके दिवस नुसता संशय होता. आता तो खरा निघाला.

ओफोरो परत आला. टेबलावर बशीशेजारी पान पडलेलं बघून दारातच थांबला.

“काय केलंस माझ्या पोराला?”

ओफोरोने कानटोपी उचलली, पिळली, पुन्हा खाली ठेवली. “मंदाराहून निघताना म्हणाला, दम लागतोय, छातीत दुखतंय, मला खाली जाऊ दे. मी म्हटलं, नाटकं करू नकोस, चल गुमान.” त्याने पानाकडे बोट केलं. “तो पडला तिथेच तुम्हाला पान द्यायचं होतं, माई. त्याच्यासमोर.”

नाएली उठली. ती आता काठी घेणार असं वाटून ओफोरोने मान खाली घातली. पण ती त्याच्या बाजूने अंगणात गेली. कुंपणाला इसालेच इसाले होती. एक पान तोडून ती आत आली आणि त्याला गाठ मारू लागली. गाठ दोनदा सुटली.

“माई, हे कुणासाठी?”

तिने गाठ आवळली. पान त्याच्या पानाशेजारी ठेवलं.

“घरातून निघताना त्याने मलाही हेच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “मीही म्हटलं, नाटकं करू नकोस.”