नऊ चादरी

बॅनर उलगडण्याआधी सासू म्हणाली, "आज जरा उंच धरू."

"उंच म्हणजे किती?" नर्सबाईने विचारलं. नोकरी सोडून कैक वर्षं झाली, तरी तिला सगळे नर्सबाईच म्हणत.

"तोंड झाकेल एवढा."

"इतकी वर्षं तोंड उघडं होतं तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि आता पडदा करतेस होय?"

मग सासूने कारण सांगितलं. समोरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तिची सून तोफगोळ्यांच्या पेट्यांना झाकणं ठोकायची. मुलाचं दुकान बसल्यापासून घर तिच्याच पगारावर होतं. कुणाकुणाला कायम करायचं ते या आठवड्यात ठरणार होतं. सुपरवायझरने सुनेला बोलावून बजावलं होतं, की तुमच्या सासूबाई दर शुक्रवारी फाटकासमोर उभ्या राहतात ते आजवर चालवून घेतलं, या शुक्रवारी मात्र त्या दिसता कामा नयेत. सकाळी डबा भरता भरता सून एवढंच बोलली आणि चपला अडकवून निघून गेली. जाऊ नका, असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

"मग यायचंच नाही ना," नर्सबाई हळू आवाजात म्हणाली.

"आणि तू एकटी दोन्ही टोकं धरणार होतीस?"

नर्सबाईने आपलं टोक हातात घेतलं.

बॅनर नऊ घरांतल्या नऊ चादरी जोडून शिवलेला होता. पहिल्यांदा उलगडला तेव्हा फाटकासमोरचा अख्खा रस्ता त्याने व्यापला होता. एकेका चादरीवर एकेक शब्द: 'आमच्या लेकरांच्या नावाने इथे चाललेला हा मरणाचा धंदा थांबवा.' मग एकेक बाई कमी होत गेली. कुणी मुलाकडे राहायला गेली, कुणी अंथरुणाला खिळली, कुणी देवाघरी गेली. दर वेळी घड्या वाढत गेल्या. चादर उसवून टाकावी असं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. आता दोघी उरल्या, तेव्हा आठ चादरी घड्या होऊन सासूच्या हातात असत आणि दोघींच्या मध्ये शेवटचा एकच शब्द दिसे. थांबवा. एकदा एका बसवाल्याने खरोखरच बस थांबवून दार उघडलं होतं. बॅनर उलगडला की फाटक बंद होईपर्यंत जागेवरून हलायचं नाही आणि बोलायचं नाही, हा पहिल्यापासूनचा नियम. त्या दिवशी दोघींना हसू आवरता आवरलं नव्हतं.

भोंगा झाला. सुपरवायझर फाटकाशी येऊन उभा राहिला. दोघींनी बॅनर डोक्याच्या वर नेला.

आता सासूला फक्त कापड दिसत होतं. नाकाशी आलेली घडी तिच्याच चादरीची होती, निळ्या फुलांची. मुलगा रांगत होता तेव्हाची. फुलं आता नुसती डागांसारखी उरली होती. खाली, कापडाच्या कडेपलीकडून पाय जात होते. बूट, चपला, घाईचे, फरफटणारे. कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्या घरीच राहिल्या वाटतं, आज नुसते पायच पाठवलेत." बाकीचे हसले आणि पुढे गेले.

हात भरून आले. पलीकडून नर्सबाईचा धापा टाकल्यासारखा श्वास ऐकू येत होता, पण तिचं टोक खाली आलं नाही.

मग एक चपलांचा जोड समोर येऊन थांबला. डाव्या चपलेच्या पट्ट्याला जाड काळा दोरा होता. तो टाका मागच्याच महिन्यात सासूने स्वतः घातला होता.

जा गं बाई, तिच्या मनात आलं. थांबू नकोस, तो बघतोय. पण बोलायचं नव्हतं. तिने पायाच्या अंगठ्यानेच पुढे जाण्याची खूण केली. चपला हलल्या नाहीत.

"आई," सून म्हणाली. घरात बोलायची त्याहून मोठ्याने, फाटकापर्यंत जाईल अशा आवाजात. "हात दुखले असतील तुमचे. खाली घ्या."

नर्सबाईने आधी आपलं टोक खाली घेतलं. मग सासूने. सूनही तिच्याइतकीच दमलेली दिसत होती. कपाळावर लाकडाचा भुसा, खांद्याला डब्याची पिशवी. तिने फाटकाकडे वळून पाहिलं नाही.

बधिर झालेल्या बोटांतून एक घडी निसटली. मागची चादर सुटून रस्त्यावर लोळू लागली. तिच्यावरच्या शब्दाला कित्येक वर्षांत ऊन लागलं नव्हतं. अक्षरं अजून काळीभोर होती.

"मातीत चाललंय," सून पुटपुटली. तिने वाकून ते टोक उचललं, झटकलं, आणि पुन्हा मातीला लागू नये म्हणून तसंच धरून ठेवलं.

फाटक बंद व्हायला अजून अवकाश होता.