हुंगलेली सुशी

बाबांनी सुशीचा तुकडा उचलला आणि मासळीबाजारात हुंगतात तसा नाकाशी धरून हुंगला.

"काका, इथे वास घ्यायचा नसतो," मला बघायला आलेला मुलगा हसून म्हणाला. बाबांनी त्याला घरी सुरमई खायला बोलावलं होतं, पण त्यानेच या जपानी हॉटेलचा हट्ट धरला. आपण टोकियोला जाऊन आलोय, हे वेटरलाही सांगून झालं होतं.

बाबांनी तुकडा खाली ठेवला. रत्नागिरीच्या बंदरावर वाढलेल्या माणसाला हा मासे शिकवणार. मी माझाही तुकडा हुंगला.

"खराब झालाय," मी म्हणाले.

"टेस्ट डेव्हलप व्हावी लागते," असं म्हणत त्याने आमच्याही ताटल्या ओढून चाटूनपुसून साफ केल्या.

जिना उतरताना बाबा म्हणाले, "उद्या नकार कळवतो."

"परवा कळवा. उद्या तो संडासातून बाहेर येणार नाही."