मॅडमचं तोंड

आजी म्हणजे नाकावर माशी बसली तरी "तुला कुणी पाठवलं?" असं विचारणारी बाई. नात घरबसल्या एका परदेशी संस्थेची इंटर्नशिप करायला लागली, बहिऱ्या मुलांसाठी व्हिडिओंखाली त्यातलं बोलणं लिहून द्यायचं काम, आणि आजीची झोपच उडाली.

"तुला काम देणाऱ्या त्या मॅडमला पाहिलंस कधी?"

"त्या कॅमेरा बंद ठेवतात गं. मीही ठेवते, मागे तू उभी असतेस ना!"

"म्हणजे ना तिनं तुला पाहिलं, ना तू तिला! एवढ्या भरवशावर मी खुर्चीतसुद्धा बसत नाही. आज तिचं तोंड दिसलं नाही, तर लॅपटॉप कपाटात आणि किल्ली माझ्या कमरेला!"

सर्टिफिकेट हातचं जाणार म्हणून नात काकुळतीला आली. मीटिंगमध्ये तिनं भीतभीत मॅडमना सगळं सांगितलं आणि आधी स्वतःचा कॅमेरा लावला. आजी तिच्या मागे श्वास रोखून, पापणीही न हलवता उभी राहिली. पलीकडे थोडी कुजबुज झाली आणि मॅडमचाही कॅमेरा लागला. त्यांच्या खांद्यामागून एक पांढऱ्या केसांची म्हातारी डोळे बारीक करून इकडेच बघत होती. ती मॅडमच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. मॅडमनी ओशाळून ते नातीला सांगितलं, तशी नात खो खो हसत सुटली.

"काय म्हणते गं ती?" आजीनं ओठही न हलवता विचारलं.

 

"मॅडमची आई आहे. म्हणते, मागची म्हातारी म्हणजे नुसता फोटो दिसतोय, जरा हलवून दाखवा."