सर्वांत पुढच्या बायका

मासांबा अंगणात शिरला तेव्हा बिराम सार रेडिओशी भांडत होता.

"पाव स्वस्त झाला म्हणे! आणि लहान किती झाला, ते कोण सांगणार? तुझा बाप?"

बिरामचं प्रत्येक गोष्टीवर मत होतं. पावावर होतं, निवडणुकीवर होतं, कुस्ती ऐन रंगात आली असताना ती तोडून मंत्र्याचं भाषण दाखवणाऱ्या टीव्हीवर होतं, आणि शेजारचा हमाद चहात किती साखर घालतो त्यावरही होतं. आजवर ती मतं गल्लीला फुकट ऐकायला मिळत. आज दुपारी मात्र गावच्या रेडिओवर त्याची मुलाखत होती. "आपले चित्रकार आणि त्यांचे विचार."

"त्यासाठीच आलोय, काका." मासांबाने रेडिओ बंद केला. तो नगराध्यक्षांचा माणूस. "विचार आज घरी ठेवून जा. रंगांबद्दल बोला, लहानपणाबद्दल बोला. कारखान्याबद्दल एक शब्द नको."

मग त्याची नजर भिंतीला टेकवलेल्या काचेवर गेली आणि चेहराच उतरला.

उद्या मासळीच्या भुकटीच्या कारखान्याचं उद्घाटन होतं. पालिकेत लावायचं चित्र बिरामला सांगितलं होतं. काचेवरचं चित्र, त्याच्यासारखं अख्ख्या किनाऱ्यावर कुणी काढत नसे. आभाळ होतं, कारखाना होता, पांढऱ्याशुभ्र झग्यातले नगराध्यक्ष होते. पण त्यांच्याही पुढे, त्यांचा अर्धा झगा झाकून, मासळी वाळवणाऱ्या सात बायका उभ्या होत्या. कारखान्यासाठी ज्यांचे ओटे किनाऱ्यावरून उठवायचे ठरले होते, त्यांतल्याच.

"यांना काढून टाका."

"का रे? वास येतो?"

"काका, चेष्टा पुरे. साठातले बाराच ओटे राहणार आहेत. सेनाबूकाकूंचं नाव मी त्या बारांत घातलंय. आता राहू द्यायचं की नाही, तुम्ही ठरवा."

सेनाबू, बिरामची बायको, दाराशी मासळीच्या टोपल्यापाशी बसली होती. घर चालायचं ते तिच्या ओट्यावर. चित्रांतून फार तर चहासाखर सुटायची.

"त्याचं ऐका," ती मान वर न करता म्हणाली. "तीस वर्षं तुमची मतं ऐकत्येय मी. एकदाही ती भातावर वाढून घेता आली नाहीत. ओटा गेला तर या वयात मी जाऊ कुठे?"

बिराम घाबरला होता. स्वतःसाठी कधीच घाबरला नव्हता, पण तिचा आवाज असा कापताना त्याने ऐकला नव्हता.

"बरं," तो म्हणाला. "रेडिओवर काही बोलणार नाही. आणि यांनाही काढून टाकतो."

त्याने काच मांडीवर पालथी घेतली, पातं उचललं आणि मागून खरवडायला लागला. आधी निळं आभाळ गेलं. मग कारखान्याचं धुराडं गेलं, मग छप्पर.

"अहो! अहो काका, कारखाना कुठे घालवताय?"

"बायका काढायच्या आहेत ना?"

"त्या खाली आहेत!"

"काचेवर मागून रंगवतात, बाळा," बिराम म्हणाला. त्याच्या आवाजात कुठलीही चलाखी नव्हती, फक्त थकवा होता. "जे सगळ्यात पुढे दिसतं ते आधी रंगवायचं. मग त्याच्या मागचं, मग त्याच्या मागचं, आभाळ शेवटी. या सातजणी मी पहिल्या दिवशी रंगवल्या. बाकी सगळं त्यांच्या पाठीवर चढवलंय. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर वरचं उतरवत जावं लागतं."

पातं पांढऱ्या झग्यापर्यंत आलं. मासांबाने त्याचं मनगट धरलं.

"थांबा! साहेबांना हात लावू नका."

"मग कसं काढू?"

"दुसरं काढा," मासांबा म्हणाला. "उद्या सकाळपर्यंत. बायका नकोत. किनारा मोकळा दाखवा."

बिराम कोरी काच आणायला आत गेला.

सेनाबू उठली. इतके दिवस तिने चित्राकडे धड पाहिलं नव्हतं, नवऱ्याच्या काचा रोज पुसून तिला त्यांचं काही वाटेनासं झालं होतं. तिने काच उचलून सुलटी केली. कारखाना नव्हता, आभाळ नव्हतं. साहेब आणि त्यांच्यापुढे सात बायका तेवढ्या जशाच्या तशा होत्या. डावीकडची न्गोने, टोपलं नेहमी डाव्या कमरेवर घेणारी, कारण उजवी बाळंतपणात कायमची दुखावली होती. तिच्याशेजारी वाकलेली म्हातारी जिलान. मग जोजो, तोंड उघडं, बहुतेक कुणाला तरी शिव्या घालताना. सातवी पाठमोरी होती. तिच्या मानेवरचा भाजल्याचा डाग बिराम विसरला नव्हता. सेनाबूचा हात आपल्याच मानेवरच्या त्या डागाकडे गेला.

साठातल्या बारांत आपण आहोत, हे मघाशी ऐकून तिला किती हायसं वाटलं होतं, ते तिला आठवलं. तिला स्वतःची लाज वाटली.

"मासांबा, या सहाजणींची नावं आहेत का रे यादीत?"

"नाही, काकू. सगळ्यांना कसं—"

"आणि माझं कशाने लिहिलंयस?"

"पेन्सिलीने. साहेबांची सही व्हायचीय अजून."

बिराम कोरी काच घेऊन दारात उभा राहिला. तिने ती त्याच्या हातातून काढून भिंतीला टेकवली.

"आवरा आता, रेडिओवाले वाट बघत असतील," ती त्याला म्हणाली. "काय बोलायचं ते बोला." मग ती मासांबाकडे वळली. "आणि तू माझं नाव खोडून टाक. त्याला काही खरवडावं लागत नाही."