धक्क्यावरची कॉफी

पर्यटकांचं जहाज लांब, खोल पाण्यात उभं होतं. हारिबच्या सहलीचे निम्मे पाहुणे छोट्या बोटीने धक्क्यावर उतरले, बाकीचे अजून जहाजावरच अडकलेले. जहाजाच्या स्वतःच्या सहलीवाल्यांना आधी उतरवायचं, हारिबसारख्या खासगीवाल्यांचे पाहुणे मागून; दर खेपेला तेच. हारिब सकाळपासून फोनवर भांडून थकला होता. "तोवर यांच्याकडे बघा, बाबा," एवढंच तो वडिलांना म्हणाला.

शामिसबाबांनी खजूर पुढे केले आणि कॉफीची किटली उचलली. इवलासा पेला रिकामा झाला की ते भरायचे. म्हातारा एवढ्या प्रेमाने ओततोय म्हटल्यावर पाहुण्यांनाही नको म्हणवेना.

दुपारी उरलेल्यांना घेऊन बोट लागली. हारिबने सुटकेचा निःश्वास टाकला आणि वळून बघतो तर पहिले पाहुणे त्याच्या बाजूने बोटीकडे धावत सुटलेले. धक्क्यावर संडास नव्हता. बोट त्यांना घेऊन जहाजाकडे परत गेली.

हारिब मटकन खाली बसला. "बाबा, पुरे झालं की पेला हलवायचा असतो, हे सांगितलं नाहीत त्यांना?"

"दारी आलेल्याला 'आता पुरे म्हण' असं आपण शिकवायचं?" शामिसबाबा दुसरी किटली घेऊन नव्या पाहुण्यांकडे निघाले. "आणि काय तहानलेली माणसं रे ती. जहाजावर पाणीसुद्धा देत नसतील. हेही बिचारे तसेच असणार."